तान्ही आणि दुडदुडणारी: घरच्या घरी खेळणी आणि खेळ, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बावीस वर्षं बालवाडीत काढली. आता घरी सव्वादोन वर्षांचा नातू आणि आठ महिन्यांची नात आहे. सांगलीत, विश्रामबागेत आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये ऊन उतरलं की आया, आज्ज्या आपापली बाळं घेऊन खाली येतात आणि फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. दर वेळी तोंडी सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं. यातलं सगळं घरात करून बघितलेलं आहे. जे फसलं, तेही लिहिलंय.

तीन महिन्यांच्या बाळाला खेळायला काय देणार? ते तर नुसतं पडलेलं असतं.

तुमचं तोंड द्या. खरंच सांगते. जन्मल्या जन्मल्या बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं. म्हणजे मांडीवर घेतल्यावर तुमचा चेहरा जिथं येतो, तिथपर्यंत. त्यामुळं डोळे मोठे करा, जीभ काढा, ओठांचा चंबू करा. काही दिवसांनी तेही जीभ काढून दाखवतं.

वस्तूच करायची असेल तर पांढऱ्या जाड पुठ्ठ्यावर काळ्या स्केचपेननं जाड पट्टे, एक मोठं वर्तुळ आणि बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन काढा. फिकट गुलाबी, फिकट निळं हे आपल्याला गोड वाटतं, बाळाला त्यातलं फारसं काही कळत नाही. त्याला ठळक काळं-पांढरं लागतं. पुठ्ठा डोळ्यांपुढून हळूहळू डावीकडून उजवीकडं न्या. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात नजर मागं मागं येऊ लागते. बाळानं मान वळवली की समजायचं, आज पुरे.

आणि जागं असताना पालथं घाला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रांगायला न लागलेल्या बाळानं दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पालथं असावं. एका दमात नाही, दोन-दोन, तीन-तीन मिनिटं करत. जमिनीवर वाकळ टाका आणि समोर स्टीलचं ताट उभं करा. ताटात स्वतःचं तोंड दिसलं की मान आपोआप वर येते. झोपवताना मात्र कायम उताणं.

पाळण्यावर काय टांगावं?

कापडी चिमण्या. जुन्या खणाचे, इरकलीचे तुकडे असतील तर फारच छान. हाताएवढी चिमणी कापा, दोन तुकडे उलटे शिवून सुलटे करा, आत चिंध्या भरा आणि तोंड दुहेरी टीप मारून बंद करा. डोळे दोऱ्यानं भरा. मणी, टिकल्या, आरसे, घुंगरू काही नको. आज घट्ट बसलेला मणी महिन्याभरानं सैल होतो आणि तो कधी पडला ते कुणालाच कळत नाही.

चिमण्या बाळाच्या हाताला लागणार नाहीत इतक्या उंच टांगा. बाळ हातावर जोर देऊन छाती उचलायला लागलं, की त्याच दिवशी सगळं उतरवा. हे साधारण पाचव्या महिन्याच्या आसपास होतं. आमच्याकडं पाहुणे येणार म्हणून चार दिवस जास्त ठेवतात. नका ठेवू. दोरी गळ्याभोवती पडायला पाहुणे जाईपर्यंत वाट बघत नाही. कोणत्याही खेळण्याची दोरी वीतभरापेक्षा लांब नको, हा नियम मी पहिल्यापासून पाळते. झोपलेल्या बाळाजवळ पाळण्यात उशी, बाहुली, चिमणी यातलं काहीही ठेवायचं नाही.

खुळखुळा घरी करता येतो का?

येतो, पण माझी फजिती आधी ऐका. थोरल्या नातवासाठी मी सरबताच्या छोट्या बाटलीत राजमा भरला, झाकण घट्ट फिरवलं आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. मोठ्या अभिमानानं हातात दिली. तिसऱ्या दिवशी पट्टी लाळेनं सुटली. मी भाजी निवडत होते. खुळखुळ थांबली म्हणून मान वर केली, तर पठ्ठ्या राजम्याचा दाणा दोन बोटांत धरून न्याहाळत होता. तोंडात गेला नाही हे नशीब. राजमा घशात अडकतो, शिवाय कच्चा राजमा पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात ते वेगळंच.

तेव्हापासून आमच्या घरात दाण्यांचा खुळखुळा बाळाच्या हातात एकटं असताना जात नाही. बाटलीत ज्वारी किंवा बाजरी भरते. झाकणाच्या आट्यांना अॅरल्डाइट लावून एक दिवस वाळू देते, वरून कापडी पिशवी शिवते. एवढं करूनही रोज सकाळी एकदा झाकण पिळून बघते. प्लॅस्टिकला चीर दिसली की बाटली कचऱ्यात.

सोपं हवं असेल तर दाणे विसरा. वेफर्सचं रिकामं पाकीट धुऊन, कोरडं करून जाड सुती कापडात चारी बाजूंनी शिवून टाका. चुरगाळलं की चुरचुर वाजतं. चार-पाच महिन्यांच्या मुठीला हे खुळखुळ्याहून जास्त आवडतं. शिवण उसवली की मात्र पाकीट बाहेर यायच्या आत ते काढून घ्यायचं.

अमुक वस्तू घशात अडकण्याइतकी लहान आहे हे कसं ओळखायचं?

बांगडीनं. खेळण्यांच्या तपासणीत सव्वा इंच व्यासाचं नळकांडं वापरतात. त्यात जी वस्तू पूर्ण बसते ती तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही. चेंडूसारख्या गोल वस्तूंसाठी हे माप पावणेदोन इंच धरतात. घरात नळकांडं कुठून आणायचं? मी दोन-दोनची बांगडी घेते. तिचा व्यास सव्वादोन इंचाला थोडा कमी, म्हणजे दोन्ही मापांपेक्षा मोठाच. तिच्यातून जे आरपार पडतं ते वर कपाटात जातं. लाटणं, पळी आरपार जातात तरी चालतात, कारण ती लांब असतात. छोटा चमचा मात्र नको, तो थेट टाळूपर्यंत जातो.

हाच हिशोब खाण्यालाही लागू आहे आणि आपल्या भागात तर जास्तच. द्राक्षांच्या दिवसांत घरोघरी पेट्या येतात, तासगावचा बेदाणा डब्यात बाराही महिने असतो आणि भडंग तर विचारूच नका. द्राक्ष बरोबर श्वासनलिकेवर बुचासारखं बसतं. ते उभं चार तुकडे करून द्या, आडवं कापून उपयोग नाही. भडंगातले शेंगदाणे चार वर्षांपर्यंत लांबच ठेवा. मूल खेळत असताना, पळत असताना तोंडात घास भरवत मागं फिरू नका.

अडकलंच तर? खोकत असेल, रडत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं घेऊन, डोकं खाली करून दोन खांद्यांच्या मधे तळहातानं पाच थापा मारा. मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबा. पुन्हा थापा, पुन्हा छाती. दुसऱ्यानं तोवर १०८ लावायचा. दिसत नसताना घशात बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते.

आणि ते गोल चपटे सेल! रिमोटमध्ये, गाणाऱ्या शुभेच्छापत्रात, चमकणाऱ्या बुटांत असतात. गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांत भाजल्यासारखी जखम होऊ शकते. उद्या शीतून पडेल म्हणून वाट बघायची गोष्ट ही नव्हे, तडक दवाखाना गाठायचा.

बाळ बसायला लागलंय. आता काय?

आता खरी मजा. एक बुट्टी घ्या. वेताची, बांबूची, जी असेल ती, फक्त कड खरबरीत नको. तिच्यात स्वयंपाकघरातल्या आठ-दहा वस्तू टाका: लाकडी पळी, लहान लाटणं, स्टीलची वाटी, गाळणं, पितळी फुलपात्र, कापडाचा बोळा, धुतलेलं मोठं लिंबू, स्वच्छ मऊ ब्रश. एकही वस्तू विकत आणायची नाही. नियम एवढाच की वस्तू एकमेकींपेक्षा निराळ्या हव्यात. एक गार, एक ऊबदार, एक जड, एक हलकी, एक वासाची, एक वाजणारी.

मग बाळापुढं बुट्टी ठेवून बसा आणि, हे अवघड आहे, गप्प बसा. "हे बघ वाटी, वाटी म्हण" काही नको.

परवाचंच सांगते. नातीनं पहिल्यांदा फुलपात्र उचललं. डाव्या हातातून उजव्यात, उजव्यातून डाव्यात. तोंडात घातलं, गार लागलं म्हणून काढलं, तोंड वाकडं केलं आणि परत घातलं. मग फरशीवर आपटलं. टण्ण! दचकली. माझ्याकडं बघितलं. मी हसले तशी पुन्हा आपटलं, पुन्हा, पुन्हा. नंतर तसंच कापडाचा बोळा आपटला. आवाज नाही. बोळा उलटा करून बघितला, पुन्हा आपटला. आवाज नाही. कपाळाला आठी घालून ती त्या बोळ्याकडं जी बघत बसली, तेवढ्यात माझा चहा गार झाला.

पंचवीस मिनिटं चाललं होतं हे. गाणारं, दिवे लागणारं प्लॅस्टिकचं कासव तिच्या मामानं आणलंय, ते चार मिनिटं पुरतं. कारण कासव सगळं स्वतःच करतं, हिला करायला काही ठेवतच नाही.

बुट्टीतल्या दोन-तीन वस्तू आठवड्यानं बदला. लिंबू रोज बघा, सुरकुतलं की काढा.

सगळं तोंडात घालतं. कसं थांबवू?

थांबवू नका. त्या वयात जीभ हेच बोट असतं. वस्तू धुऊन ठेवा, बांगडीतून पडणारी काढून टाका आणि घालू दे तोंडात.

"कुऽक" किती वेळा करायचं? माझा हात दुखतो.

बाळ कंटाळेपर्यंत. म्हणजे फार वेळा. पाच महिन्यांच्या बाळाला वस्तू ओढणीखाली गेली की संपली असं वाटतं. आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमाराला त्याला उमगायला लागतं की दिसत नसली तरी ती आहे. म्हणूनच त्या वयात ओढणी खेचून आईचं तोंड उघडं करण्यात एवढा आनंद असतो. याच सुमाराला एक डबा करा: पुठ्ठ्याच्या खोक्याला वर मूठ जाईल एवढं भोक पाडा, आत रुमाल आणि ओढण्यांचे तुकडे सुटे सुटे कोंबा. एकमेकांना गाठ मारून लांब माळ करू नका, ती गळ्यात पडते. बाळ एकेक ओढून काढतं, तुम्ही परत कोंबायचं.

पीठ खेळायला देतात ते कसं करायचं? मीठ घालावं का?

दोन वर्षांच्या आत मीठ घातलेलं पीठ देऊच नका. इंटरनेटवरच्या बहुतेक कृतींत वाटीला अर्धी वाटी मीठ असतं आणि पोरं ते खातात. एवढं मीठ लहान जिवाला झेपत नाही. कच्च्या कणकेचा गोळाही तोंडात जाण्याच्या वयात नको, कच्चं पीठ पोटाला बाधू शकतं.

मग काय? मोदकाची उकड! ही आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि कुणाच्या लक्षातच येत नाही. एक वाटी पाण्याला उकळी आणा, चमचाभर तेल घाला, एक वाटी तांदळाची पिठी एकदम ओतून ढवळा, झाकण ठेवून दोन वाफा काढा. कोमट झाली की तेलाच्या हातानं चांगली मळा. मऊ, शिजलेली, बिनमिठाची. तोंडात गेली तर गेली. बोराएवढा गोळा एकदम गिळू नये म्हणून बाळाला मुठीपेक्षा मोठा गोळा द्या आणि समोर बसा. उकड त्याच दिवशी संपवायची. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत तिला वास येतो.

रंग पाण्यातच घाला. बीट किसून उकळलं की गुलाबी, दोन थेंब लिंबू पिळलं की आणखी खुलतं. पालक वाटून घातला की हिरवं. आणि पिवळ्याला हळद, ती तर आपल्या गावची. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण म्हणून कुठलीही सुटी पूड आणू नका. डोळ्यात भरणाऱ्या पिवळ्याजर्द पुडीत शिशाच्या रंगाची भेसळ असू शकते, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट. हळकुंडं आणून दळून घेतलेली बरी.

हळद चिमूटभरच. मी एकदा चमचाभर घातली होती, नेमकी भाच्याच्या हळदीच्या आदल्या दिवशी. नातवाचे दोन्ही तळवे, गाल, गुडघे पिवळेधमक. लग्नघरात जो तो विचारी, "नवरा कोण, हा का?" कपड्याला लागली तर साबण लावल्यावर डाग लाल होतो, घाबरू नका. हळद क्षाराला लाल होते, कुंकूसुद्धा पूर्वी हळद आणि चुन्यातूनच व्हायचं. धुऊन कडक उन्हात वाळत घाला, पिवळा डाग दोन-तीन उन्हांत उतरतो.

अडीच-तीन वर्षांच्या, तोंडात न घालणाऱ्या मुलाला टिकाऊ पीठ हवं असेल तर एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, चमचाभर तेल, चमचाभर लिंबाचा रस एकत्र करून मंद आचेवर गोळा होईपर्यंत हलवा. घट्ट झाकणाच्या डब्यात बरेच दिवस टिकतं. घरात कुत्रं असेल तर त्याच्यापासूनही लांब ठेवा.

बोटांनी रंगवायला कुठले रंग?

खळ करा. दोन चमचे कॉर्नफ्लॉवर वाटीभर गार पाण्यात कालवून मंद आचेवर हलवत राहा, पारदर्शक दाट खळ झाली की उतरवा. तीन वाट्यांत वाटून वरचेच रंग घाला. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहते. कागद लगेच फाटतो, म्हणून मी सरळ ताटातच देते. ताट पुसलं की नवा कागद! कपडे काढून, नुसत्या लंगोटावर, मोरीजवळ बसवा. नंतरचं काम निम्मं होतं.

रांगोळी, गुलाल, टाल्कम पावडर?

नाही. बारीक भुकटी श्वासातून छातीत जाते. तांदळाची पिठी परातीत पसरून बोटानं रेघा मारणंही दीड वर्षानंतर, पंखा बंद करून आणि थोडीच.

माती खेळू द्यावी का? आमच्या सासूबाई "खेळू दे", तर डॉक्टर "जपून".

दोघांचंही बरोबर आहे. आषाढात बेंदूर आला की कुंभाराकडून मातीचे बैल घरी येतात. मिरज, जतकडच्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी कर्नाटकी बेंदूर त्याच्याही आधी, ज्येष्ठात असतो. तेव्हा बैलांबरोबर चिखलाचा एक गोळा मागून घ्या. कुंभाराची माती चाळलेली, मळलेली असते, तिच्यात काचा-खडे नसतात. दोन वर्षांचं मूल बैल करणार नाही. ते बोटं रोवेल, थापेल, लांबट वळकटी करेल आणि "बैल" म्हणेल. तुम्ही त्याला शिंगं लावायला जाऊ नका. आमच्या नातवाच्या बैलाला पाय पाच होते. का विचारलं तर म्हणाला, "एक खाली पडला तर?"

रस्त्याकडेची, कुत्र्या-मांजरांच्या वावराची माती नको, जंत होतात. खेळून झाल्यावर साबणानं हात आणि नखं. मूल रोज शोधून शोधून माती, भिंतीचा पोपडा, खडू खात असेल तर मात्र रागावत बसू नका. बऱ्याचदा त्यामागं रक्तातलं लोह कमी असतं. डॉक्टरांना दाखवा.

पाण्यात खेळायला फार आवडतं, पण भीती वाटते.

भीती योग्यच आहे. बाळ बुडायला दोन-चार इंच पाणीही पुरतं आणि ते ओरडत नाही. परातीत दोन बोटं पाणी घ्या, वाटी, गाळणं, स्पंज द्या. फोन आत ठेवून या. दारावरची बेल वाजली तर बाळाला काखोटीला मारून दार उघडा. खेळ संपला की पाणी लगेच झाडांना. भरलेली बादली तर बाथरूममध्ये कधीच ठेवू नये. दुडदुडणारं मूल डोकावतं, डोकं जड असतं, तोल जातो आणि त्याला परत बाहेर येता येत नाही.

तांदूळ-डाळी ओतायचे खेळ कधीपासून?

मी तीन वर्षांपर्यंत थांबते. नाकात घातलेला हरभरा भिजून फुगतो. तोवर मुरमुरे वाटीतून वाटीत ओतू द्या, तेही दीडेक वर्षानंतर आणि समोर बसून.

पुठ्ठ्याचं काय काय होतं?

पहिली गोष्ट, पिना काढा. फळांच्या खोक्यांना तांब्याच्या रंगाच्या जाड पिना असतात, पक्कडीनं एकेक उपटा आणि मोजून टाका. नंतर खोक्याची दोन्ही टोकं उघडी केली की बोगदा. रांगतं बाळ एका बाजूनं घालायचं, दुसऱ्या बाजूनं आपण तोंड दाखवायचं.

वर्षाच्या पुढं गल्ला करा. दूध पावडरच्या डब्याच्या प्लॅस्टिक झाकणाला फट पाडा आणि लोणच्याच्या बरण्यांची मोठी झाकणं आत टाकायला द्या. पाण्याच्या बाटल्यांची नकोत, ती बांगडीतून पडतात. डब्याची आतली कड धारदार असते, तिच्यावर कापडी टेप दोनदा फिरवा. टाकलं की आवाज, डबा उघडला की परत सापडलं. नातू हे करता करता एकदा चष्माही टाकून बसला होता, आम्ही दोन दिवस शोधत होतो.

चिपाडाची बैलगाडी दीड वर्षाच्या पोराला चालेल?

करायला बसा, हातात देऊ नका. ज्वारीच्या चिपाडाची साल सोलताना ब्लेडसारखी कापते आणि आतला भेंड लगेच तुटून तोंडात जातो. आमचे हे कडब्यातली जाड ताटं निवडून साल सोलतात, भेंडाची चाकं कापतात, सालीच्याच काड्या टोचून जू, दांड्या जोडतात. एक गाडी व्हायला तास लागतो. नातू समोर मांडी घालून बघत असतो. तीन-चार वर्षांचा झाला की त्याच्या हातात देऊ. तोवर ती टीव्हीवर ठेवलीय, घुंगरांशिवाय.

वॉकर घ्यावा की पांगुळगाडा?

पांगुळगाडा, आणि तोही मूल धरून उभं राहायला लागल्यावर. आत बसायच्या वॉकरनं मूल लवकर चालतं हा समज आहे. उलट त्यात ते पायांच्या बोटांवर ढकलत सुसाट जिन्याशी, गॅसशी पोचतं. कॅनडानं तर २००४ मध्ये असे वॉकर विकायलाच बंदी घातली. पांगुळगाड्यात मूल मागं उभं राहून स्वतःचं वजन स्वतः पेलतं. गाडा फार पळत असेल तर पुढं वाळूची छोटी पिशवी बांधा. पॉलिश, खिळे आणि चाकात बोट अडकतं का, एवढं तपासा.

जुन्या साडीची बाहुली करायचीय. टिप्स?

साडी जितकी जुनी तितकी चांगली, रंग जायचा तो जाऊन झालेला असतो. जर काढून टाका, टोचते. डोळे, नाक, तोंड भरतकामानं. केस लोकरीचे नकोत, धागे निघतात. काळं कापडच डोक्यावर शिवा. आणि दोन बाहुल्या एकसारख्या करा. एक धुवायला गेली की घर डोक्यावर घेतलं जातं, हे अनुभवानं सांगते.

पुराचं पाणी घरात आलं होतं. खेळणी धुऊन वापरता येतील?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये गावभागातल्या माझ्या बहिणीकडं कमरेएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर आम्ही खेळण्यांचे दोन ढीग केले. कापूस भरलेलं, पुठ्ठ्याचं, पुस्तकं, सांध्यात पाणी शिरलेलं प्लॅस्टिक हे सगळं टाकलं. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी असतं आणि कापसाच्या आतून ते निघत नाही. वाट्या, पळ्या, अखंड प्लॅस्टिकचे ठोकळे साबण आणि गरम पाण्यानं धुऊन, जंतुनाशकात बुडवून उन्हात ठेवले. तिच्या मुलीची कापडी हत्तीण टाकताना सगळ्यात जास्त रडारड झाली. आठवडाभरात त्याच रंगाच्या परकराची दुसरी शिवली. मुलीनं वास घेऊन बघितली आणि म्हणाली, "ही नाही ती." पण घेतली.

मोबाइल लावल्याशिवाय जेवतच नाही.

दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, दोन ते चार वर्षं तासाच्या आत, आणि तेही जितकं कमी तितकं बरं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय. जेवताना फोनऐवजी एक रिकामी वाटी आणि एक पळी मुलाच्या पुढ्यात द्या. आपणही जेवायला वाढतोय असं त्याला वाटतं. पहिले तीन दिवस रडेल. आजोबांना आधीच समजावून ठेवा, कारण चौथ्या दिवशी फोन तेच काढतात.

मी एवढं करते आणि ते दोन मिनिटांत फेकून देतं!

दीड वर्षाच्या मुलाची दोन मिनिटं म्हणजे बराच वेळ झाला. आणि फेकणं हाही खेळच आहे. खेळणं काढून ठेवा, पंधरा दिवसांनी परत द्या, नवं होऊन येतं.

विकतचं काहीच घ्यायचं नाही का?

घ्या की. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडं खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, तेवढं बघून घ्या. जत्रेतली रंग उडणारी, वासाची खेळणी तोंडात घालायच्या वयात नकोत.

कोणत्या वयाला काय खेळायचं याचा तक्ता कुठं मिळेल?

अंगणवाडी ताईंना विचारा. महिला व बालविकास मंत्रालयानं २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षांसाठी 'नवचेतना' आराखडा काढलाय. त्यात ३६ महिन्यांचं महिनावार कॅलेंडर आणि १४० खेळ आहेत, बहुतेक घरातल्याच वस्तूंचे. तक्ता भिंतीवर लावा, पण शेजारच्या पोराशी तुलना करायला वापरू नका.

तरी काही गोष्टी दिसल्या तर थांबू नये. तीन महिन्यांनंतरही नजरेला नजर देत नाही, मोठ्या आवाजाला दचकत नाही, नऊ महिन्यांना आधार देऊनही बसत नाही, वर्षाला नावानं हाक मारल्यावर बघत नाही, किंवा येत असलेली गोष्ट विसरलं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, त्यांनाही सांगता येतं. "आमच्या घरात सगळीच उशिरा बोलतात" हे मी बावीस वर्षं ऐकलंय. काहींच्या बाबतीत ते खरं निघालं, काहींचं एक वर्ष वाया गेलं.

एवढा पसारा आवरायचा कुणी?

दीड वर्षापासून त्यालाच लावा. "आवर" म्हटलं तर ढिम्म हलत नाहीत. बुट्टी पुढ्यात धरायची आणि म्हणायचं, "वाट्यांना झोप आलीय." आमचा नातू एकेक वाटी आणून बुट्टीत ठेवतो, वर फडकं घालतो आणि थोपटतो. मग फडकं काढून सगळ्या वाट्या उठवतो.